वार लावलेली अंगणवाडी

परत येऊन आठ दिवस झाले आणि तेवढ्यात माझी तीन जणांशी भांडणं झाली. पुण्यात मी एका संस्थेची बालवाडी चालवते. तिच्या अंगणात गेल्या वर्षी आम्ही प्लास्टिकची हिरवळ अंथरली. माती नको, चिखल नको, पालकांच्या तक्रारी नकोत. त्या ठरावावर सही माझीच आहे. आता तीच हिरवळ उचला म्हणून मी हात धुऊन मागे लागले आहे, आणि आमचे चिटणीस म्हणतात, "बाई, चार दिवस गावाला काय जाऊन आलात, अंगात वारंच शिरलं तुमच्या." शिरलं असेल. कुठून शिरलं ते सांगते.

गावाचं नाव लिहीत नाही. नगर जिल्हा, कर्जत तालुका, मिरजगावापासून आत एक वस्ती, एवढं पुरे. तिथल्या अंगणवाडीचं प्रकरण अजून वरच्या कुठल्यातरी टेबलावर पडून आहे, आणि मला कुणाच्या हाती आयतं कोलीत द्यायचं नाही.

नगर

सुरुवात नगरला झाली. बालशिक्षणावर एक दिवसाचं शिबिर होतं. व्यासपीठावरचे गृहस्थ पडद्यावर चित्रं दाखवत सांगत होते, की मुलांना निसर्गाची ओढ लागावी म्हणून प्रत्येक वर्गात एक 'निसर्ग कोपरा' करावा. एक कुंडी, चार शंख, पक्ष्यांचा तक्ता. माझ्या शेजारी एक अंगणवाडी सेविका बसली होती. चाळिशीची, काटक, मांडीवर जेवणाचा डबा. ती उभी राहिली आणि म्हणाली, "सर, आमच्याकडं निसर्ग कोपऱ्यात मावत न्हाई. आमची अंगणवाडीच त्याच्या कोपऱ्यात हाय."

सगळं सभागृह हसलं. सर हसले नाहीत. मी मात्र जेवणाच्या सुट्टीत तिच्याशेजारीच बसले.

तिचं नाव सुमनताई. भाकरीबरोबर तिने मला ठेचा वाढला आणि म्हणाली, "आमी पोरांचे वार लावलेत."

वार लावून जेवणं मला ऐकून ठाऊक होतं. गरीब घरातला मुलगा शिकायला शहरात आला की सोमवारी एका घरी जेवायचा, मंगळवारी दुसऱ्या. सुमनताईंचे आजोबा नगरला असेच शिकले. ती चाल तिने आपल्या अंगणवाडीला लावली. गावातल्या एकेका घराने आठवड्यातला एक वार घ्यायचा. त्या दिवशी तीन ते सहा वर्षांची सगळी पोरं तासभर त्या घरच्या रानात, गोठ्यात, खळ्यावर, जिथे काम चालू असेल तिथे जातात. जेवायला नाही, बघायला आणि हात लावायला. घरच्यांना अट एकच: पोरं आली म्हणून काम थांबवायचं नाही.

"या की बघायला," ती म्हणाली. "पर लौकर या. तेरवाच्या दिशी ग्रामसभा हाय. त्यात हे समदं बंद पडायचं लक्षन हाय."

एका मुलीच्या बापाने अर्ज दिला होता. अंगणवाडीपुढे पेव्हर ब्लॉक टाका, भोवती भिंत घाला, फाटकाला कुलूप लावा आणि मुलं केंद्राबाहेर न्यायची बंद करा. अर्जाची एक प्रत वरच्या कार्यालयात गेली होती. तिथून सुमनताईला नोटीस आली होती: मुलांना बाहेर का नेता, याचा लेखी खुलासा द्या, सोबत ग्रामसभेचं मत जोडा.

मी पुण्याला फोन करून चार दिवस येत नाही म्हणून सांगितलं आणि तिच्याबरोबर सोलापूरच्या एसटीत चढले.

पहिला दिवस

सकाळी अंगणवाडीत अठरा पोरं होती. एका खोलीची इमारत, पुढे मातीचं अंगण, एक कडुलिंब. हजेरी झाल्यावर सुमनताईने विचारलं, "आज वार कुनाचा?" आणि अठरा तोंडांनी उत्तर आलं, "रशीदचाचांचा!"

रशीदभाई शेख यांच्याकडे वीसेक शेळ्या आहेत. घर ओढ्याच्या पलीकडे. पोरं एकमेकांचा सदरा धरून आगगाडीसारखी निघाली, मागे मदतनीस बाई, त्यांच्या मागे मी. मी पुण्याहून येताना मऊ तळव्याचे नवे बूट घालून आले होते. ओढ्याच्या काठावर पोचेपर्यंत त्या तळव्यात इतके सराटे रुतले की पाऊल टेकवेना. मी एका दगडावर बसून विव्हळत होते, तर चार-पाच पोरं भोवती जमली. त्यातल्या एकीने बूट मांडीवर घेतला आणि सराटे उपटून काढायला लागली. ही आरोही, वय साडेचार, जिच्या बापाने अर्ज दिला ती.

"असं दाबायचं न्हाई," ती मला म्हणाली, "असं वर वडायचं." माझ्या बालवाडीत या वयाच्या मुलांच्या बुटाचे बंद आया बांधतात.

एवढ्यात पलीकडच्या ज्वारीच्या कडेला हरणांचा कळप दिसला. चांगली काळवीटं, पिळाच्या शिंगांची! मी ओरडलेच, "बघा, बघा, हरणं!" पोरांनी वळून पाहिलं आणि पुन्हा माझ्या बुटाकडे लक्ष दिलं. एक पोरगा एवढंच म्हणाला, "हरबरा खात्यात ती. आज्जा शिव्या देतो." आमच्याकडे हरीण हे पाठ्यपुस्तकात 'ह'च्या शेजारी उभं असतं. ते हरभरा खातं आणि त्यावरून म्हाताऱ्यांच्या शिव्याही खातं, हे आम्ही कुणाला शिकवलेलं नाही.

रशीदभाई एका व्यायलेल्या शेळीपाशी बसले होते. करडू आदल्या दिवसाचं, अजून पायांवर डगमगणारं. पोरं ओळीने बसली. कुणी आरडाओरड केली नाही. चाचांनी एकेकाचा हात धरून करडाच्या छातीवर ठेवला. "धडधड लागती का? मग झालं. आता सोड, त्याला आईकडं जाऊ दे." मीही हात पुढे केला. या वयात मी पहिल्यांदा एका दिवसाच्या करडाला हात लावत होते, हे मी तिथे कुणाला सांगितलं नाही.

दुसरा दिवस

दुसऱ्या दिवशी वार हिराबाईंचा होता. हिराबाई म्हणजे आरोहीची आजी. म्हणजे आजीने वार घेतलेला, आणि तिच्याच मुलाने, संदीपने, तो बंद करायचा अर्ज दिलेला. एका घरात दोन चुली नव्हत्या, पण वातावरण तसंच होतं.

कालव्याला पाणी सुटलं होतं आणि कांद्याला दारं धरायचं काम चालू होतं. हिराबाईंची सून पूजा खोऱ्याने एकेका वाफ्याचं तोंड उघडत होती आणि मिटत होती. पोरांना एक छोटा वाफा नेमून दिलेला. पाणी आलं की हातांनी मातीचा बांध घालून ते अडवायचं. बांध फुटला की सगळी किंचाळायची आणि पुन्हा थापायला लागायची. मी काठावरून सूचना देत होते: "अरे हळू, कपडे, कपडे!" माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. मग पाय घसरून मीच वाफ्यात बसले, आणि त्यानंतर कपड्यांचा विषय संपला.

तिथून सगळे खळ्यावर आले. तूर बडवून, उफणून झाली होती आणि हिराबाई पायलीने ती पोत्यात मापत होत्या. प्रत्येक पायली पडली की पोरं एका सुरात मोजत होती. "लाभ! दोन! तीन!"

मला राहवलं नाही. जन्म मास्तरकीत गेलेला. मी आरोहीला म्हटलं, "अगं, लाभ काय? एक म्हणायचं. एक, दोन, तीन."

हिराबाईंचा हात थांबला. पायली अर्धी भरलेली तशीच. सगळी पोरं माझ्याकडे पाहायला लागली, जणू मी देव्हाऱ्यात चप्पल घालून आले होते. सुमनताईने मला हळूच बाजूला ओढलं. "बाई, दानं मापताना पहिल्याला एक म्हनत न्हाईत. लाभ म्हनत्यात. एक म्हटलं की रास एकटी पडती, संपती, असं जुनी मानसं मानत्यात. आन् मापताना मधी बोलायचं बी नसतं."

हिराबाईंनी अर्धी पायली पुन्हा राशीत ओतली आणि सुरुवातीपासून मोजायला घेतलं. मला रागावल्या नाहीत. ते जास्त लागलं.

दुपारी जेवायला त्यांच्याकडेच होते. हुलग्याची शेंगोळी, बाजरीची भाकरी, कच्चा कांदा. शेंगोळीचा पहिला घास घेतला आणि मी मुकाट दुसऱ्यांदा ताट पुढे केलं. पुण्यात आम्ही या चवीची पाहुण्यांपुढे लाज वाटून घेतो, ती का, हे मला आता सांगता येणार नाही.

संदीप तिथेच होता. तिशीचा, नीटनेटका, नगरच्या एमआयडीसीत एका कंपनीत फिटर. त्या आठवड्यात दुसरी पाळी होती. माझ्या चिखलाने भरलेल्या ओच्याकडे बघून म्हणाला, "मॅडम, तुमाला मज्जा वाटली असंल."

"वाटली," मी म्हटलं.

"तुमाला वाटनारच. तुमी चार दिवसांनी पुन्याला जाऊन आंगोळ करनार. आमी ह्याच चिखलात वाढलो. बारा वर्सं अनवानी साळंत गेलो. माज्या पोरीनं बी तिथंच लोळायचं का? तुमच्या बालवाडीत आसतो का चिखल?"

आमच्या प्लास्टिकच्या हिरवळीचा फोटो माझ्या मोबाइलात होता, आणि तो मी त्याला दाखवला असता तर त्याने तो खुशाल ग्रामसभेत जोडला असता. मी त्याच्यावर चिडले, कारण तो खरं बोलत होता. आणि संध्याकाळपर्यंत चिडलेलीच राहिले, कारण तेवढंच खरं नव्हतं हे मला कळत होतं, फक्त सांगता येत नव्हतं.

ग्रामसभा

तिसऱ्या दिवशी सकाळी देवळाच्या मंडपात ग्रामसभा भरली. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला, पोरं सगळीकडे. ग्रामसेवकाने अर्ज वाचून दाखवला. सरपंच म्हणाले, "संदीप, तुझं म्हननं सांग."

संदीप उभा राहिला. मला वाटलं होतं तो रस्ता, स्वच्छता, शहरातल्या शाळा असलं काहीतरी बोलेल. तो बोलला ते वेगळंच होतं.

"मागल्या म्हैन्यात आरोहीला घिऊन नगरला गेल्तो. इंग्रजी साळंत, नर्सरीला घालायची म्हून. तिथल्या मॅडमनी तिच्याम्होरं राजम्याचं दानं ठिवलं आन् मोज म्हनल्या. ही मोजाया लागली. लाभ, दोन, तीन." त्याने बोटांवर मोजून दाखवलं. "त्या मॅडम हसल्या. दुसऱ्या मॅडमला बोलावून आनलं, पुन्हा मोजाया लावलं, दोगी हसल्या. मला म्हनल्या, हिला अजून एक येत न्हाई, घरी तयारी करून घ्या. बाकीची आईबापं बघत हुती. मी पोरीला उचललं आन् भायेर आलो. म्हून अर्ज दिला. माज्या पोरीला कुनी हसाया नको. बास."

आदल्या दिवशी खळ्यावर त्या मॅडमच्या जागी मीच होते, फक्त हसायची राहिले होते.

सुमनताई खाली मान घालून बसली होती. तिला हा प्रकार ठाऊक नव्हता. मग बायकांच्या बाजूने हिराबाई उठल्या. पदर खोचला आणि पोराला विचारलं, "दानं किती हुतं?"

"कुनाला ठावं. वीस-बावीस आसतील."

"आरोहीनं किती मोजलं?"

संदीपने मंडपाच्या खांबाकडे पाहिलं.

"सांग की."

"बावीस."

"त्या बाईनं मोजलं का मग?"

"मोजलं."

"किती भरलं?"

"बावीस," संदीप म्हणाला, आणि खाली बघितलं.

"मंग चुकलं कोन?" हिराबाई म्हणाल्या. "साडेचार वर्साच्या पोरीनं बावीस दानं बिनचूक मोजलं. दानं हुतं म्हून लाभ म्हनली. तुजा आज्जा तसंच मोजायचा, तू बी तसंच मोजलंय ह्याच हातानं. आन् तिला हसल्या तर तू तिला घिऊन पळालास? तिथंच सांगायचं हुतंस, बाई, हिचं बरूबर हाय, तुमाला ठावं न्हाई. तुज्या तोंडाला काय झालंतं?"

पुरुषांच्या बाजूने कुणीतरी हसलं. हिराबाईंनी तिकडे बघितल्यावर थांबलं.

मग सुमनताई उभी राहिली. "संदीप, तू अनवानी साळंत गेलास, त्यो काय चिखलाचा दोस न्हाई. तवा चप्पल नव्हती, दवाखाना नव्हता, त्यासाठी भांड, मी तुज्या फुडं हाय. पर चिखलाला कुलूप लावून चप्पल मिळत न्हाई. ह्या पोरांना पानी कुठून येतं ठावं हाय, शेळी कशी व्याती ठावं हाय, कोनता काटा कसा काढायचा ठावं हाय. हे तुला बी ठावं हाय, म्हून तू फिटर झालास. हातानं शिकलास तू. आन् लेकीला म्हनतोस हात लावू नको."

मी उठले. मला बोलायचा अधिकार नव्हता, मी गावची नाही. सरपंचांनी हातानेच 'बोला' म्हटलं. मी सांगितलं, की काल खळ्यावर मीही या मुलीला चूक म्हटलं. की माझ्या शाळेच्या अंगणात प्लास्टिकचं गवत आहे आणि ते मी बसवलंय. की ज्या शाळेत संदीपला लेक घालायची आहे, ती माझ्यासारखीच बाई चालवते. "तिला ह्या पोरीपेक्षा जास्त येतं असं समजू नका," मी म्हटलं. "मला येत नाही." शरम वाटत होती, पण गप्प बसले असते तर जास्त वाटली असती.

हात वर करून मतदान झालं. ब्लॉक देवळापुढे टाकायचे, तिथे पावसाळ्यात म्हातारी माणसं घसरतात. अंगणवाडीचं अंगण मातीचंच राहील, भिंत नको, कुलूप नको, वार चालू राहतील. संदीपचा हात 'हो'ला आणि 'नाही'ला, दोन्ही वेळा खालीच होता. सभा संपायच्या आत तो ड्यूटीला निघून गेला.

निघताना

ठराव झाला, पण खुलासा राहिला होता. चौथ्या दिवशी सकाळी, पोरं यायच्या आधी, सुमनताई अंगणवाडीच्या पायरीवर कागद घेऊन बसली. कागदोपत्री मी पटाईत. म्हटलं, मी सांगते, तुम्ही लिहा. 'मुलांच्या सर्वांगीण विकासाच्या हेतूने सदर उपक्रम राबविण्यात आला असून, अनवधानाने काही त्रुटी राहिल्यास दिलगीर आहे. यापुढे योग्य ती दक्षता घेण्यात येईल.'

तिने सगळं लिहून घेतलं. मग वाचलं. "बाई, अनवधानानं कुठं? मी तर ध्यानात ठिवून नेते." तिने कागद फाडला आणि नवा घेतला. त्यावर लिहिलं: 'मी मुलांना रोज बाहेर नेते. कुणाच्या रानात काय चाललंय ते दाखवते. मागे मदतनीस असते, पुढे मी असते, घरची माणसं असतात. ग्रामसभेचा ठराव जोडला आहे. उद्याही नेणार आहे.' खाली सही.

"हे असं पाठवणार?" मी विचारलं. "नोकरीवर येईल."

"यील तवा बघू. माफी मागितली तर फुडच्या बाईला बी मागावी लागंल."

पालकांच्या सह्या खाली घ्यायच्या होत्या. पोरं सोडायला आया यायला लागल्या. कुणी सही केली, कुणी अंगठा दिला. रशीदभाई नातवाला घेऊन आले, त्यांनी उर्दूत सही केली आणि मराठीत पुन्हा केली, वरच्यांना वाचता यावी म्हणून.

शेवटी संदीपची मोटारसायकल आली. टाकीवर आरोही. तिला खाली उतरवून तो निघणार, तेवढ्यात सुमनताईने कागद त्याच्यापुढे धरला. त्याने तो दोनदा वाचला. आत पोरं ओरडत होती, आज वार कुनाचा, आज वार कुनाचा.

"मला हे पटल्यालं न्हाई," तो म्हणाला.

"मंग तसं लिव्ह," सुमनताई म्हणाली. "जागा हाय."

त्याने पेन घेतलं, मोटारसायकलच्या सीटवर कागद ठेवला आणि सगळ्या सह्यांच्या खाली लिहिलं: 'मला पटलेलं नाही. पण आरोही जाईल.' सही केली, पेन परत दिलं आणि किक मारून निघून गेला.

सुमनताईने कागदाची घडी घालून तो पाकिटात टाकला. मला म्हणाली, "त्यानं लिवलंय ते न्हाई खोडायचं."